शेवटच्या ठाण्यापलीकडे

वाइनो हारयू दुपारी कॉलेजला निघाले, तेव्हा लेम्पीने डब्यात कालचीच मांस-बटाट्याची पेस्टी घातली आणि मान वर न करता नवऱ्याला म्हणाली, "पाद्रीबाबांना रविवारच्या प्रार्थनेचं नको सांगूस. सरोवराने अजून काही परत दिलेलं नाही."

खनिज वाहणारी बोट सुपीरियर सरोवरात बुडाली त्याला दोन वर्षं होत आली होती. बोटीवर त्यांचा मुलगा रेइनो होता. बोटीवरच्या एकाही माणसाचं प्रेत सापडलं नाही. तेव्हापासून अंगणातल्या सौनाला, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराला, कुलूप होतं, आणि चावी लेम्पीच्या गळ्यात. मुलासाठी प्रार्थना झाली की ती चावी उतरवेल, एवढीच वाइनोंची आशा होती.

कॉलेजातलं काम तसं साधं. फी आणि पगार करणारा तो कपाटाएवढा संगणक विद्यापीठांच्या जाळ्याला जोडायचा. दोन्हीकडे अक्षरांचे संकेत वेगळे, म्हणून वाइनोंनी खपून रूपांतराचा तक्ता केला होता. तो चुकला असणार याबद्दल त्यांच्या मनात फारशी शंका नव्हती. जन्मभर गणित शिकवून त्यांना स्वतःवर शंका घेणं एवढंच पक्कं जमलं होतं.

"प्रोफेसर, माझ्या पगाराच्या मशीनला चकाट्या पिटायला शिकवताय," हिशेबखात्याची डोलोरेस म्हणाली. "उद्या चेक निघाले नाहीत तर लोकांना तुमच्या घरी जेवायला पाठवीन."

"कालचीच पेस्टी मिळेल म्हणावं."

वाइनोंनी दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठाला चाचणीचं पत्र पाठवलं. या जाळ्यात प्रत्येक ठाणं हाती आलेलं पत्र पुढच्या ठाण्याला देतं आणि मागे 'पुढे रवाना' असं कळवतं. हे कॉलेज ओळीतलं शेवटचं ठाणं. खिडकीबाहेर धक्का, धुकं, आणि पुढे नुसतं पाणी.

पडद्यावर उमटलं: पुढे रवाना. डोलोरेसने टाळी वाजवली.

थोड्या वेळाने पुन्हा उमटलं: पुढे रवाना. या वेळी विद्यापीठाकडून आलेलं काहीतरी त्यांच्याच मशीनने पुढे दिलं होतं.

"पुढे म्हणजे कुठे?" डोलोरेसने विचारलं.

"माझंच काही चुकलं असेल."

त्यांनी जोडण्या तपासल्या. तार एकच होती, दक्षिणेकडची. पलीकडच्या ठाण्याच्या नावाची जागा कोरी होती. खोलीत ओल्या दोरखंडाचा वास येऊ लागला होता. खिडकी तर बंद होती.

मग त्या कोऱ्या नावाकडून पत्र आलं. एकच ओळ, फिनिश भाषेत.

"तक्ता चुकलाय तुमचा," डोलोरेस म्हणाली. "शब्दांत मध्येच महिरपी कंस आलेत."

वाइनो खुर्चीत बसले. तक्ता चुकला नव्हता. त्यांनी त्यात फिनिश अक्षरं घातलीच नव्हती. रेइनो हेलसिंकीला शिकत होता, तेव्हा तिथल्या संगणकावरून छापलेली त्याची पत्रं अशीच यायची. 'इसॅ', म्हणजे बाबा, या शब्दाच्या शेवटच्या अक्षराच्या जागी महिरपी कंस. लेम्पी हसायची, म्हणायची, पोराने बापाला कंसात टाकलंय.

त्यांनी ओळ हलक्या आवाजात वाचली. "बाबा, सौना गरम आहे का?"

डोलोरेसचा हात तारेकडे गेला. "काढते मी ही..."

"थांबा."

"प्रोफेसर, उत्तर देऊ नका. कोण आहे ते आपल्याला ठाऊक नाही."

"गारठला असेल तो," वाइनो म्हणाले, आणि त्यांनी एकच शब्द टाइप केला. हो.

पुढे रवाना.

त्यांनी घरी फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर लेम्पीने उचलला.

"लेम्पी, सौना..."

"तूच पेटवून गेलास ना?" ती कुजबुजत होती. "धुराड्यातून धूर निघतोय. चावी माझ्या गळ्यात आहे, वाइनो. कुलूप तसंच आहे. आणि आत कुणीतरी तापल्या दगडांवर पाणी ओततंय."

"तो... तो आला असेल."

तिच्या श्वासामागून पाण्याचा चर्र आवाज येत होता. एक, मग दुसरा, मग एकात एक मिसळलेले कितीतरी.

"एका माणसाला इतकं पाणी लागतं का रे?" तिने विचारलं.

वाइनोंनी पडद्याकडे पाहिलं. नवी ओळ आली होती. तिच्यात एकही कंस नव्हता. ती रेइनोची नव्हती.

'दार आतून उघडत नाही. तिला चावी आणायला सांगा.'

"जाते मी," फोनवर लेम्पी म्हणाली.