बेदाण्याचा भोंगा

गुरुबसू कोऱ्यांच्या अंगणातल्या दोरीवर हिरवी साडी वाळत होती. चिमटे जिथल्या तिथे होते. पदराची साधी घडीसुद्धा मोडली नव्हती. आणि तिथून हाकेच्या अंतरावर, माळावर, जिथे गावातली सगळ्यांत मोठी बेदाण्याची शेड उभी होती, तिथे आता जमिनीत नुसते खड्डे उरले होते. लोखंडी खांब मुळासकट उपटून गेले होते.

एकाच वाऱ्याने एवढी शेड उचलून नेली, मग साडी का सोडली?

हा प्रश्न बारा वर्षांच्या शिवलीलाला पडला आणि तो काही केल्या जाईना. गावात विचारावे तर ज्याच्या त्याच्याकडे उत्तर तयार. कुणी म्हणे देवीचा कोप, कुणी म्हणे कोऱ्यांची पुण्याई. पुण्याईचे नाव काढले की शिवलीलाच्या डोळ्यांत पाणी यायचे. कारण त्या शेडमध्ये तिचे वडील, बसगोंडा अण्णा, होते. अण्णांची पुण्याई कमी पडली, असे कुणी म्हटलेले तिला कसे सोसावे?

हिंगणमळा हे जत तालुक्याच्या कडेचे, द्राक्षांवर जगणारे गाव. शेतात विजेवरचे ट्रॅक्टर आपले आपण चालत, फवारणी आकाशातून होई, पण बेदाणा मात्र अजून जुन्याच रीतीने तयार होई. शेडमध्ये जाळ्यांचे मजले रचायचे, त्यांवर द्राक्षे पसरायची आणि चारही बाजूंनी वारा खेळू द्यायचा. एकदा का अर्धवट वाळलेल्या मालाला पाऊस लागला, की तो काळा पडला. काळ्या बेदाण्याला कुत्रे विचारत नाही. म्हणून बागायतदारांच्या संघाच्या इमारतीवर एक भोंगा बसवलेला होता. वळीव येताना दिसला की भोंगा वाजायचा, आणि तो वाजला की हातातली भाकरी टाकून सगळे गाव शेडकडे धावायचे. बाजूंना गुंडाळून ठेवलेले प्लास्टिकचे कागद भराभर खाली सोडायचे आणि दोरीने आवळायचे. रांगत्या पोरालाही ठाऊक होते: भोंगा म्हणजे शेड.

तो भोंगा वाजवायचे काम शिवलीलाच्या आज्जाकडे, मल्लाप्पांकडे होते.

त्या एप्रिलातल्या दुपारी आकाश हिरवट काळे झाले. संघातल्या पडद्यावर जिल्ह्याहून इशारा आला: अतितीव्र वादळ, ताबडतोब भोंगा वाजवा. आज्जाने वाजवला. अण्णा जेवत होते. ते ताटावरून उठले, शिवलीलाला म्हणाले, "तू घरातच थांब. कागद सोडून आलोच मी." शिवलीलाची आई, अव्वा, त्यांच्या मागोमाग धावली. गारा पडू लागल्या आणि ती घसरून ओघळीत पडली. हात मोडला, पण वाचली. अण्णा पुढे होते. ते शेडमध्ये पोहोचले.

त्या एका दुपारी आसपासच्या पाच गावांत असेच झाले. हिंगणमळ्यातली जी माणसे गेली, ती सगळी शेडमधली होती. घरात थांबलेल्या कुणाला खरचटलेही नाही.

त्यानंतर आज्जा बोलेनासा झाला. जेवायला बसे, घास हातात घेई आणि तसाच ठेवून देई. तोंडावर त्याला कुणी काही म्हटले नाही, पण बोलणाऱ्यांची तोंडे कोण धरणार? "म्हाताऱ्यानं भोंगा वाजवला नसता तर आमचं माणूस घरातच राहिलं असतं," हे शिवलीलाने आपल्या कानांनी ऐकले. तिला राग आला. पण खरे तर ते बोलणे चूक नव्हते, आणि त्यामुळेच तिच्या जिवाला घोर लागला. सगळी चूक आज्जाचीच होती का?

मग एके सकाळी हवामान खात्याने एक यंत्रमानव धाडला. वासराएवढा उंच, सहा पायांचा, मान मात्र करकोच्यासारखी लांब. त्याचे सरकारी नाव भलतेच लांबलचक होते. तो नुकसानीची पाहणी करायला आलेला, म्हणून पोरांनी त्याला पाहण्या म्हणायला सुरुवात केली. पडलेल्या प्रत्येक झाडापाशी तो थांबे, बुंधा कुठल्या दिशेला पडला ते बघे, मग पुढच्या झाडाकडे जाई. मोठी माणसे त्याच्याकडे पाठ फिरवत. माणसे गेली आणि हा बाभळी मोजतोय, असे त्यांना वाटे. शिवलीला मात्र त्याच्या मागे मागे हिंडू लागली.

"तू झाडंच का बघालाईस?" तिने विचारले.

"झाडे खोटे बोलत नाहीत," पाहण्या म्हणाला. तो पुस्तकात लिहिल्यासारखे बोलायचा आणि शिवलीलालाही अहो-जाहो करायचा. "सरळ वाऱ्याने पडलेली झाडे एकाच दिशेला पडतात. इथली झाडे पाहा. या बाजूची पूर्वेकडे पडली आहेत, त्या बाजूची पश्चिमेकडे. म्हणजे हवा गरगर फिरत होती. हा घूर्णवात होता (ढगापासून जमिनीपर्यंत टेकलेला, वेगाने फिरणाऱ्या हवेचा खांब)."

"वावटळ म्हण की सरळ."

"वावटळ तापलेल्या जमिनीवरून उठते आणि लगेच विरते. हा वरच्या ढगाला जोडलेला असतो. त्याचा जोर कितीतरी पट जास्त असतो."

मग त्याची मान तिच्याकडे वळली. "शेडमधल्या वस्तू कुठे कुठे सापडल्या, हे कळले तर वाऱ्याचा जोर काढता येईल. पत्रे कुठे सापडले?"

"ओढ्याच्या पल्याड."

"जाळ्या?"

"पार खालच्या वस्तीत."

"शेडमधली माणसे?"

शिवलीलाला हुंदका आवरेना. तरी ती म्हणाली, "आमचं अण्णा तितं, विहिरीजवळच्या बाभळीखाली सापडलं. हातात कागदाची दोरी तशीच हुती."

पाहण्या म्हणाला, "मला सांत्वन करता येत नाही. ते मला शिकवलेले नाही. पण थांबता येते." आणि तो खरोखर थांबला. तिचे रडणे संपेपर्यंत एक पाऊलही न हलता तो तिच्याजवळ उभा राहिला. गावातल्या कितीतरी शहाण्यांना हे जमले नव्हते.

डोळे पुसून शिवलीलाने आपला प्रश्न काढला. "मग साडी का ऱ्हायली?"

"त्यासाठी आधी हा खांब कसा तयार होतो ते समजून घ्यावे लागेल," पाहण्या म्हणाला. "नेहमीच्या वळिवात काय होते? जमीन तापते, ओली उष्ण हवा वर चढते, तिचा ढग होतो. ढगातून पाऊस पडतो आणि पावसाबरोबर गार हवा खाली येते. ती वर चढणाऱ्या हवेवरच ओतली जाते आणि ढगाचा जोर संपतो. म्हणून वळीव घटकाभरात ओसरतो. त्या दिवशी मात्र खालची हवा समुद्राकडून, संथपणे येत होती आणि उंचावर वेगळ्याच दिशेने फार वेगवान वारा वाहत होता. याला वाऱ्यातली तफावत म्हणतात (उंचीप्रमाणे वाऱ्याचा वेग आणि दिशा बदलणे). दोन थरांच्या मध्ये सापडलेल्या हवेचे काय होईल?"

मग त्यानेच पुढे विचारले, "तुमच्या घरी दिव्यासाठी वाती वळतात का?"

"अव्वा वळती की." तिने तळव्यावर तळवा ठेवला. खालचा हात जागेवर, वरचा पुढे. मधला कापूस गोल फिरतो आणि त्याची लांब वात होते. "म्हंजे हवेचीपण वात झाली?"

"बरोबर. आडवी, आभाळात पडलेली, अदृश्य वात. आता खालून जोराने वर चढणारी हवा (तिला ऊर्ध्वप्रवाह म्हणतात) त्या वातीला मधोमध उचलते. आडवी वात उभी राहते आणि तिच्याबरोबर अख्खा ढगच स्वतःभोवती फिरू लागतो. शिवाय वरचा वारा पाऊस बाजूला नेऊन टाकतो, त्यामुळे हा ढग स्वतःला विझवत नाही. तासन्‌तास टिकतो. त्या दुपारी असे ढग रांगेने आले, म्हणून पाच गावांवर संकट आले."

"पण एवढा मोठा ढग तर हळूच फिरणार."

"हळूच फिरतो. पण त्यातला काही भाग ताणून लांब आणि बारीक झाला की वेग वाढतो. फुगडी खेळताना हात लांब असले की तुम्ही सावकाश फिरता. हात आखडून एकमेकींच्या जवळ आलात की?"

"गरकन फिरतो," शिवलीला म्हणाली आणि मग एकदम थांबली. "म्हंजे तो बारीक असतो म्हणून जोराचा. आणि बारीक असतो म्हणून वाटेवरचं तेवढंच न्हेतो. कोऱ्यांची साडी वाटेवर नव्हती. आमची शेड हुती."

"होय."

"म्हंजे पुण्याई न्हाई."

"पुण्याई मोजण्याचे साधन माझ्याकडे नाही," पाहण्या म्हणाला. "वाट मात्र मी मोजली आहे. तीत कुणाचा दोष दिसत नाही. फिरणाऱ्या प्रत्येक ढगातून घूर्णवात उतरतोच असेही नाही. बहुतेक ढग तो उतरवतच नाहीत. कुठला उतरवेल, हे आम्हांला अजून नीट सांगता येत नाही."

शिवलीलाला फार दिवसांनी छाती भरून श्वास घेता आला. पण पाहण्याचे अजून संपले नव्हते.

"आता मला न सुटलेले एक कोडे आहे. इशारा वादळाच्या आधी पोहोचला होता. भोंगाही वाजला. घरे सिमेंटची, भक्कम. तरी लोक घरे सोडून उघड्या शेडमध्ये का गेले?"

शिवलीला त्याच्याकडे बघतच राहिली. एवढे आभाळ वाचणाऱ्या या यंत्राला हे कळू नये? "अरे, भोंगा वाजला म्हणून! भोंगा वाजला की शेडमध्येच पळायचं असतंय. कागद सोडायला. आमच्याकडं भोंगा म्हंजे तेच."

पाहण्याची मान सावकाश खाली आली. "इशारा पाठवणाऱ्यांना वाटले, भोंगा ऐकून लोक आत जातील. तुम्हांला मात्र तो बाहेर बोलावत होता. हे आमच्या कुणाच्या ध्यानातच आले नाही. दोन संकटे आणि आवाज एकच. ही चूक भोंगा वाजवणाऱ्याची नाही. मी ती माझ्या अहवालात सगळ्यांत आधी लिहीन."

अहवाल लिहील तो लिहील, शिवलीला धावतच घरी गेली. आज्जा भिंतीला टेकून बसला होता. तिने त्याला सगळे सांगितले. वात, फुगडी, वाट, आणि शेवटी भोंगा. आज्जा ऐकत होता की नाही कळेना. मग किती दिवसांनी त्याचा आवाज आला, तोही फाटलेला.

"पर हात माझाच हुता, बाळ."

शिवलीलाला खोटे बोलता आले असते. "व्हय, आज्जा," ती म्हणाली, "हात तुझाच हुता. पण त्या भोंग्याला दुसरं काय म्हणताच येत न्हाई. तुला येतंय."

आज्जाने मान वर केली.

"पावसाला भोंगा राहू दे. पण असा ढग आला तर संघावरच्या कर्ण्यातनं तुझा आवाज यायचा. तू सांगायचं. तुझा आवाज सगळ्यांना ठावं हाय."

"माझं कोण ऐकतंय आता?"

दाराशी अव्वा उभी होती. हात अजून गळ्यात बांधलेला. नवरा गेल्यापासून तीही सासऱ्याशी बोलली नव्हती. तिच्या मनात काय काय येऊन गेले असेल, ते तिचे तिलाच ठाऊक. ती आत आली आणि म्हणाली, "मी ऐकीन, मामा." एवढेच बोलली आणि तोंडाला पदर लावून आत निघून गेली.

पुढच्या हंगामात नवी शेड उभी राहिली. नव्या शेडमध्ये पहिले पाऊल टाकताना प्रत्येकाचे काळीज हलले, पण द्राक्षे काही कुणासाठी थांबत नाहीत. जाळ्यांवर पहिला माल चांगला अर्धा वाळला आणि एका दुपारी पश्चिमेकडे आभाळ हिरवट काळे झाले. अव्वाने शेडमध्ये कागदाची दोरी सोडायला घेतलीच होती.

आणि भोंग्याऐवजी कर्ण्यातून आज्जाचा आवाज आला. थरथरता, पण गावभर पोहोचणारा.

"बेदाणा राहू द्या. घरात चला. बेदाणा राहू द्या."

क्षणभर कुणी हलले नाही. वर्षाची कमाई डोळ्यांसमोर उघडी होती. दोन मिनिटांचे काम होते, कागद खाली सोडला की झाले! अव्वाने दोरीकडे पाहिले, आभाळाकडे पाहिले. मग दोरी टाकली, शिवलीलाचे मनगट धरले आणि संघाच्या पक्क्या इमारतीकडे पळत सुटली. तिला पळताना पाहून बाकीचेही निघाले.

आत काळोखात सगळे दाटीने बसले. वीज कडाडली, गारांनी छत दणाणले, मग धो धो पाऊस कोसळला. पण तो खांब काही उतरला नाही. ढग फिरत फिरत पुढे निघून गेला. दार उघडले तेव्हा समोर शेड धडधाकट उभी होती आणि जाळ्यांमधून गोड पाणी ठिबकत होते. सगळा माल वाया गेला होता.

शिवलीलाने आज्जाकडे पाहिले. आता आज्जाला बोल लावतील. पुढच्या वेळी कुणी ऐकणार नाही. पण त्या दारात उभे राहून कुणी शेडकडे बघतच नव्हते. बाया पोरांच्या डोक्यांवरून हात फिरवत होत्या. गुरुबसू कोरे लहान मुलासारखा रडत होता.

आज्जा पायरीवर आला. त्याने माल पाहिला नाही. त्याने एकेका घराचे नाव घ्यायला सुरुवात केली, घरातल्या प्रत्येकाचे. ज्याचे नाव येई तो म्हणे, "हाय." आज्जा पुढचे नाव घेई. कोरे झाले, पुजारी झाले, बिराजदार झाले. आपल्या घरापाशी आल्यावर, किती वर्षांच्या सवयीने कोण जाणे, त्याच्या तोंडून पहिले नाव निघाले.

"बसगोंडा."

ओल्या पत्र्यावरून पाणी तेवढे टपकत होते.

शिवलीला पुढे झाली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. "मी हाय, आज्जा," ती म्हणाली. "अव्वापण हाय."

आज्जाने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या घराचे नाव घेतले.