खाणीवरचा उजेड

आजही त्या जागेचं नाव निघालं की माझे हात आधी जुळतात, भीती मागून येते.

काम तसं साधं होतं. आनेकलच्या पुढे एक बंद पडलेली दगडखाण आहे. तिच्यावर आकाशात काहीतरी दिसतं, असं पोलिसांनीच वरचेवर कळवलं होतं. म्हणून चौकशी लागली आणि माझ्याकडे आली. मी हवामान खात्यातला माणूस. असल्या चौकशीत शेवटी शुक्र निघतो, नाहीतर कुणाच्या लग्नातलं ड्रोन. तसं मनाशी ठरवूनच मी मल्लेश्वरमहून निघालो.

आनेकलच्या स्टँडवर सब-इन्स्पेक्टर शिवलीला जीप घेऊन उभी होती. मूळची निपाणीकडची. मी फोनवर बायकोशी बोलत होतो ते ऐकून म्हणाली, "अण्णा, मराठी का तुम्ही?"

"घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच. स्वल्प कन्नड मिसळलेली."

ती हसली. जीप चालवताना म्हणाली, "उजेड खाणीवर थांबला होता. आवाज नाही, काही नाही. आमचा हवालदार दयानंद म्हणाला, मॅडम, तो आपल्याकडे बघतोय... नंतर त्यानं बदली मागून घेतली. मी राहिले. आता मला डोक्याच्या डॉक्टरकडे पाठवायचं चाललंय. तुमच्या अहवालावर आहे सगळं."

मी "बघू" म्हणालो. माझा विश्वास नव्हता.

खाणीपाशी पोहोचलो तेव्हा उजाडत होतं आणि धुकं इतकं दाट होतं की जीपच्या पुढचं काही दिसेना. जीपमागे तिकाटण्यावर कॅमेरा लावून मी तो सुरू केला. शिवलीला गाडीतच बसली. मी वर बघत पुढे चालत राहिलो. ओल्या दगडाचा वास येत होता. पाखरं ओरडत होती.

मग पाखरं एकदम थांबली.

तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यावर येतो तसा वास आला. आणि माझ्या डोक्यावर उजेड झाला. पांढरा, थंड, जराही न हलणारा. तो हळूहळू खाली, माझ्या पायांशी उतरला. मी खाली पाहिलं.

माझ्या डाव्या पायाखाली जमीन नव्हती. नुसता खडा कडा, आणि फार खोल काळं पाणी. टाचेखालचे खडे सुटून त्यात पडत होते...

त्यानंतरचं मला इतकंच आठवतं, की मी जीपपर्यंत आलो आणि बसलो. शिवलीला स्टिअरिंगवर डोकं टेकून डोळे मिटून होती. "गेला का?" तिनं विचारलं. तिनंच कॅमेरा उचलून आणला.

अहवालाचं आधी सांगून टाकतो. अधिकाऱ्यांनी पाहिलं ते खरं आहे, कारण सांगता येत नाही, असं मी लिहिलं. तिला डॉक्टरकडे जावं लागलं नाही.

पण त्या सकाळी स्टँडजवळच्या हॉटेलात, कॉफी समोर ठेवून, आम्ही दोघांनी ते चित्रण पाहिलं. उजेड त्यात नव्हताच. नुसतं धुकं. त्यातून मी परत येत होतो, उजवा हात पुढे धरून. आंधळ्याला कुणी हाताला धरून आणावं तसा. जीपपाशी आल्यावर मी मागचं दार उघडलं, अदबीनं बाजूला सरलो, थोडा थांबलो. मग दार हळूच लावून पुढे येऊन बसलो.

"अण्णा," शिवलीला कुजबुजली, "इथे उतरताना मागचं दार उघडलं का कुणी?"

कुणीच उघडलं नव्हतं.

आम्ही दारातून बाहेर पाहिलं. जीप उन्हात उभी होती. शिवलीला उठली, टोपी घातली आणि बाहेर गेली. मीही गेलो. तिनं मागचं दार पूर्ण उघडलं आणि हात जोडले.

"फार उपकार झाले," मी म्हणालो. माझे डोळे भरून आले होते.

आत कुणी नव्हतं. पण जीप एका बाजूनं हळूच वर उचलली गेली, जड माणूस उतरल्यावर उचलते ना, तशी.