सावलीची ओहोटी

सावली गावच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. घरी माझी खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी आहे. समुद्री मीठ कालवून सहा वर्षं सांभाळलेली. नागपूरहून आणलेल्या एका ट्रिगरफिशने महिन्याभरात तिची वाट लावली. सात क्लाउनफिश गेले. शेवटचा दोन दिवस शेपटीशिवाय पोहत होता. जाळी झाली, पिंजरा झाला. ट्रिगरफिश दगडांच्या फटीत शिरून पाठीचा काटा अडकवून बसायचा.

शेवटी इस्तारीभाऊंना बोलावलं. साठीचा माणूस, जन्मभर गावच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, मासे धरलेला. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता.

ते टाकीपुढे बराच वेळ उकिडवे बसले.

"दगड काढू का?" मी विचारलं.

"राहू द्या, बाई. थो लपून नाई राह्यला. आपल्याले पाहून राह्यला."

त्यांनी बाही सारली आणि तळवा वर करून हात पाण्यात घातला. मासा फटीतून निघाला, सरळ आला आणि तळव्यावर आडवा झाला. बादलीत सोडेपर्यंत त्याने एकदाही तडफड केली नाही. इस्तारीभाऊंनी ओलं बोट जिभेला लावलं.

"बाप्पा! एवढं खारं!"

मासा मी दुकानदाराला परत केला. टाकी शांत झाली.

दहा दिवसांनी त्यांची बायको गोकुळाबाई कॉलेजात आली. "चाला ना, बाई. थे दिवसभर बोडीवर बसून राह्यते. जाळं नाई टाकत. म्हणते, पाणी उतरलं, पाणी चढलं. लोकं हासतेत."

आम्ही पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. इस्तारीभाऊ बोडीच्या पायरीवर बसले होते, उजवा तळवा पाण्यात. पाण्याच्या वर वीतभर दगड ओला होता. वारा नव्हता. मी पाणी चाखलं. गोडच होतं.

"उतरून राह्यलं," ते म्हणाले.

"काल केव्हा थांबलं होतं, भाऊ?"

"अकराची बस गेली, तवा."

मी मोबाईलवर भरती-ओहोटीच्या वेळा काढल्या. मुंबईच्या जुळेनात. मग आम्हाला त्यातल्या त्यात जवळचा समुद्र, पूर्व किनाऱ्यावरचं काकीनाडा, पाहिला. कालची ओहोटी अकरा वाजून तीन मिनिटांनी संपलेली. आजची अकरा बावन्नला.

खरं सांगते, मला आनंद झाला. पर्समधून पेन्सिल काढून मी पाण्याच्या रेषेवर खूण केली आणि घड्याळाकडे बघत बसले.

अकरा बावन्न झाले.

खुणेखालचा ओला दगड दिसत गेला. मग आणखी एक पायरी उघडी पडली. मग तिच्याखालची.

"आज थांबून नाई राह्यलं," इस्तारीभाऊ हळूच म्हणाले. त्यांनी हात बाहेर काढला, धोतराला पुसला. "एवढं दूर कधी नव्हतं गेलं."

"मग आता?"

"चाला वर, बाई. जेवढं गेलं, तेवढं वापस येते." ते गोकुळाबाईंचा हात धरून पायऱ्या चढू लागले.

मी मागे वळून पाहिलं. काठावर चरणाऱ्या गावच्या साऱ्या शेळ्या, कोणी न हाकता, बोडीच्या उंच बांधावर चढून दाटीने उभ्या होत्या. सगळ्यांची तोंडं पूर्वेकडे होती.