शेवटचा रकाना

रविवारी सकाळी नऊ वाजेपर्यंत शर्वरी खराडे दोनदा अठरा वर्षांची होऊन गेली होती. तिसऱ्यांदा होत होती तेव्हा ती मोरीपाशी उभी राहून दात घासत होती.

मोठी होत होती ती तिची छाया. छाया म्हणजे मुलाचं गणिती जुळं. सेन्सरचं जाकीट घालून अकरा मिनिटं चटईवर पळायचं, वळायचं, वाकायचं. त्यात आईवडिलांची उंची, शाळेतली हजेरी आणि जन्मतारीख भरायची. मग ते जुळं संगणकात वाढू लागे आणि त्याला हव्या त्या लीगमध्ये घालून बघता येई. वीस मिनिटांत सहा वर्षं, आणि तीही चार हजार वेळा. म्हणजे एखाद्या खेपेला पाय मुरगळला किंवा प्रशिक्षक खडूस निघाला, तरी सरासरी बिघडू नये.

संग्राम खराडे कोल्हापुरात ज्युनिअर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत. घरातला मिक्सरसुद्धा त्यांनी सात कंपन्यांचा तक्ता मांडल्याशिवाय आणला नव्हता. मुलीसाठी हॉकीची लीग निवडायची तर तक्ता ओघानंच आला. सगळ्या लीगची परीक्षा अठराव्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये होत असे. देशातले आठ व्यावसायिक संघ एका सभागृहात बसून पाळीपाळीनं एकशे वीस मुली निवडत. एकशे एकविसावी मुलगी बी.कॉम. करी.

तक्त्यात तीन लीग होत्या. दख्खन युवा लीग, निवासी, पाचगणीच्या वरच्या अंगाला: ड्राफ्टमध्ये अकरावा क्रमांक. त्रिवेणी लीग: चौतिसावा. आणि जिल्हा शालेय लीग, म्हणजे मुल्लाणी सरांचं तांबड्या मातीचं मैदान, जिथं शर्वरी आठव्या वर्षापासून खेळत होती: निवड नाही. शेवटचा रकाना ‘खेळ थांबवल्याचं वय’ असा होता. तो ए-फोर कागदावर मावेना. संग्रामरावांनी तो काढून टाकला. बायकोनं, अनुजानं, तो कसला होता असं विचारलं, तेव्हा ते म्हणाले की तो अठराच्या पुढचा आहे, आत्ता त्याचं काय काम? तिलाही ते पटलं. अकरा या आकड्यापुढं त्या सकाळी दोघांनाही दुसरं काही दिसत नव्हतं.

मुल्लाणी सरांना रीतीप्रमाणे चहाला बोलावलं. सरांनी चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ धरला.

“अकरावी? ही?” ते म्हणाले. “खराडे सर, पोरगी झ्याक आहे, माझी आहे. पण देशात अकरावी न्हवं. कायतरी जादा घातलंय तुम्ही ह्याच्यात.”

जादा काय घातलं होतं ते घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं. शर्वरीचा जन्म २०१९च्या महापुरातला. अनुजाचं माहेर नदीकाठी. पाणी चढलं तेव्हा ती शाळेच्या माडीवर चारशे माणसांच्या साक्षीनं बाळंत झाली. जनावरं जिन्यात होती, तीही साक्षीदार धरता आली असती. गावाची कागदपत्रं पुरात गेली. पुढं पोरगी हातात स्टिक धरते, आणि बरी धरते, हे दिसल्यावर धनाजीमामानं नवा दाखला काढून आणला. त्यावर फेब्रुवारी २०२१ होतं. बाकीचे मामा भाचीला पैंजण करतात. धनाजीमामानं दीड वर्ष दिलं. यात खोटं बोलल्यासारखं कुणालाच वाटलं नाही. मैदानावरच्या प्रत्येक मुलीला कुणी ना कुणी असा मामा होताच.

पूर्वी मनगटाचा एक्स-रे काढून वय पडताळत. छाया आल्यावर ते बंद झालं. हाड काहीही सांगू शकतं. दाखल्यावर शिक्का असतो. त्यामुळं साडेतेरा वर्षांची मुलगी यंत्रानं बारा वर्षांची म्हणून पाहिली आणि त्याला दोन गोष्टी दिसल्या: ही वयाच्या मानानं फार पुढं आहे, आणि हिची अजून सोळा सेंटिमीटर वाढ बाकी आहे. यंत्राला जिच्याबद्दल विचारलं होतं तिच्याबद्दल ते अगदी खरं बोललं. तशी मुलगी कुठं नव्हती, ही त्याची चूक म्हणता येणार नाही.

शेवटी शर्वरीला विचारलं. “मी कुठं पण खेळतो,” ती म्हणाली. कोल्हापूरच्या पोरी असंच बोलतात. “खेळायला मिळाल्याशी मतलब.”

संग्रामरावांनी दख्खनवर सही केली.

दख्खनमध्ये प्रत्येक खाटेच्या उशाला एक पडदा होता. त्यावर रोज संध्याकाळी विचलन लागे, म्हणजे मुलगी आपल्या छायेच्या किती मागं पडली ते. आठ टक्क्यांपर्यंत माफ. त्यावर गेलं की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती: मैदानाला वीस जादा फेऱ्या, आणि उंचीची तूट असेल तर बारला लोंबकळणं. पहिलं वर्ष शर्वरी छायेच्या पुढंच होती. घरी फोन केला की हसत सांगायची, “पप्पा, तिला आज बी हरवलो.” मग ती एकशे छप्पन सेंटिमीटरवर थांबली. छाया थांबली नाही. ती एकशे साठ झाली, चौसष्ट झाली, तिची पावलं लांब पडू लागली, फटका जड झाला. शर्वरीच्या पडद्यावर वजा चिन्ह आलं आणि तिथंच मुक्कामाला राहिलं. फोनवर ती आता जेवणाबद्दल बोलायची.

दुसऱ्या वर्षी तिची नडगी दुखू लागली. लीगच्या दवाखान्यातल्या यंत्रानं तिचं दाखल्यावरचं वय पाहिलं, साडेतेरा, आणि निदान दिलं: वाढीच्या कळा. या वयात व्हायच्याच. केळी खा आणि पाय वर करून झोप. त्या वर्षी शर्वरीची उंची चार मिलिमीटर वाढली होती. कळा मात्र एवढ्या आल्या की त्या हिशेबानं ती ताडाएवढी व्हायला हवी होती. दुरुस्ती चुकली की मैदान बंद, म्हणून ती गप्प राहिली आणि दोन्ही मोजे एकाच पायात घालून पळत राहिली.

दिवाळीला ती घरी आली तेव्हा अनुजानं पाहिलं की पोरगी जिना बसून उतरते. त्याच दिवशी तिनं तिला गल्लीच्या टोकाच्या जुन्या हाडांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी एक्स-रे उजेडाला धरला. नडगीला बारीक तडे होते, एकावर एक, पट्टीवरच्या खुणांसारखे. वय विचारलं. अनुजा म्हणाली, चौदा.

“वहिनी,” डॉक्टर म्हणाले, “ही हाडं वाढायची थांबून वर्ष होऊन गेलं. चौदाची कुठली मुलगी असेल तर तिला घेऊन या. हिच्यावर मी उपचार करतो.”

 दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रामरावांनी अर्ज लिहिला: माझ्या मुलीची खरी जन्मतारीख अमुक, ती चुकीची लावली गेली, तिची छाया रद्द करून तिला तिच्या खऱ्या वयाचा व्यायाम द्यावा. ‘लावली गेली’ हा कर्मणी प्रयोग जमायला त्यांना तीन कागद लागले. मग तो अर्ज शर्टाच्या खिशात घालून, शर्वरीला घेऊन ते पाचगणीला गेले.

लीगच्या विकास-समन्वयक देवस्थळी मॅडम यांनी अर्ज नीट वाचला. त्यांना धक्का बसेल म्हणून संग्रामराव वाटभर तयारी करत आले होते. मॅडमनी पाणी मागवलं, दोघांसाठी.

“सर, तुम्ही संख्याशास्त्र शिकवता ना?” त्यांनी विचारलं. “आमच्याकडं एकशे बारा मुली आहेत. त्यातल्या एक्काहत्तर जानेवारी-फेब्रुवारीत जन्मल्यात. वयोगटाची रेघ एक जानेवारीला पडते. तुम्हाला हे आज कळतंय?”

संग्रामरावांना ते खरोखरच आज कळत होतं. आकडे सगळे माहितीपत्रकात होते. त्यांनी ते पत्रक तक्त्यासाठी दोनदा वाचलं होतं.

मॅडमनी मग शांतपणे समजावलं. एक तारीख दुरुस्त केली की यंत्र बाकीच्यांकडंही संशयानं बघू लागणार. सगळ्या छाया बसक्या होणार. लीगची सरासरी पडणार, आणि पालकांच्या तक्त्यात दख्खन तिसऱ्या ओळीत जाणार. त्रिवेणीतही हेच आहे. जो आधी खरं बोलेल तो तिसरा. शिवाय अर्ज नोंदवून घेतला तर शर्वरीवर चार वर्षं बंदी येईल, शाळेच्या मैदानावरसुद्धा, आणि दाखला काढणाऱ्या मामांना कोर्टाची पायरी चढावी लागेल.

“मग हिच्या पायाचं काय?” संग्रामराव म्हणाले.

“तुम्ही मुलीला घरी नेऊ शकता. आजच. आम्ही अडवत नाही.” मॅडमनी करार उघडून एका कलमावर बोट ठेवलं. “छाया मात्र इथंच राहील. ती आम्ही घडवलेली आहे. ड्राफ्ट तिच्याच आकड्यांवर होतो, मुलींना मागाहून बोलावतात. तिचं वर्ष कशाला वाया घालवायचं?”

दाराबाहेर बाकावर शर्वरी पाय लांब करून बसली होती. दार उघडंच होतं. संग्रामरावांनी तिच्याकडं पाहिलं, अर्जाकडं पाहिलं, चार वर्षांची बंदी मनात मोजली. मग अर्जाची घडी घातली, पहिल्याच घडीवरून, आणि परत खिशात ठेवला. तिला मैदान तरी राहू दे, एवढाच विचार त्यांनी केला होता, असं ते पुढं कितीतरी दिवस अनुजाला सांगत राहिले.

शर्वरीला त्यांनी त्याच दिवशी घरी आणलं. मैदान राहिलं. पाय उशिरा दाखवला होता. तडे भरले, तरी दहा मिनिटं पळालं की नडगी पेटायची. डॉक्टरांनी चालायला हरकत नाही असं सांगितलं, तेही आनंदाची बातमी सांगावी तसं. शर्वरी सोळाव्या वर्षी मुल्लाणी सरांच्या मैदानावर लहान मुलींसाठी शंकू मांडू लागली. शंकू ती सरळ रेषेत मांडी, सुतानं आखल्यासारखे. स्टिकला हात लावत नसे.

इकडं छाया जोरात होती. शर्वरीशी ताडून बघायचं उरलं नाही, तेव्हापासून तिचं विचलन शून्य होतं. दर तिमाहीला घरी प्रगतिपत्रक येई: शर्वरीनं नऊ गोल केले, शर्वरी कर्णधार झाली, शर्वरीची उंची एकशे अडुसष्ट. धनाजीमामा ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकत आणि खाली माणसं टाळ्यांची चित्रं पाठवत. अनुजानं पत्रक बंद करायला सांगितलं, तर उत्तर आलं की तशी विनंती खेळाडूनं स्वतः करावी लागते. खेळाडूनं ती केली नाही. संग्रामरावांना वाटलं, पोरगी विसरली असेल.

ड्राफ्टचा दिवस फेब्रुवारीतला, सकाळचा. दाखल्यानं शर्वरी अठराची झाली होती, आणि पुरानं साडेएकोणीसची. साडेअकराला फोन वाजला. देशातल्या एका मोठ्या संघाचं कार्यालय. नववी निवड, अभिनंदन. मागच्या सहा वर्षांत महाराष्ट्रातून इतक्या वर कुणी आलं नव्हतं. किट एकशे अडुसष्ट उंचीच्या मापाचं शिवून तयार आहे. शर्वरी कधी हजर होईल?

संग्रामराव फोन धरून उभे राहिले. खरं बोलायची ही दुसरी वेळ आली होती, आणि या वेळी मुलगी केव्हाच खेळायची थांबली एवढंच सांगायचं होतं; त्याला बंदी, मामा, सरासरी, काहीच आडवं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला.

“पप्पा, थांबा,” शर्वरी म्हणाली. ती मैदानावरून नुकतीच आली होती आणि पायरीवर बसून नडगीचा पट्टा सोडत होती. “काय सांगणार त्यांना?”

“खरं ते,” त्यांनी फोनवर तळहात दाबला. “संपवू या एकदाचं.”

“म्हणजे तिला पण बंद करतील.” तिनं पट्ट्याची गुंडाळी केली. “तुम्ही तो शेवटचा रकाना कापला होता नव्हं? मी तवाच बघितलेला, मशीनवर. दख्खनमध्ये ती बाविसाव्या वर्षी थांबणार होती. त्रिवेणीत चोवीस. सरांच्या मैदानावर काय होतं ठाव हाय? कोराच होता. चार हजार वेळा खेळवली तरी ती थांबतच नव्हती.”

“मग बोलली का नाहीस तेव्हा?”

“तुम्ही अकरा आकड्याला पेन्सिलीनं गोल केला होता,” ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती, म्हणून ते ऐकवेना. “मी सोळाला थांबलो. तिची अजून चार वर्षं हाईत. तेवढी तरी खेळू द्या की तिला. तिनं काय केलंय तुमचं?”

अनुजा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. मैदानाकडून मुल्लाणी सरांची शिट्टी ऐकू आली. दुपारच्या मुली जमल्या असाव्यात. संग्रामरावांनी तळहात बाजूला केला. फोनमधला माणूस सभ्य होता, त्याला गडबड नव्हती. त्यानं पुन्हा विचारलं.

“हॅलो? शर्वरी आहे का घरी?”