चार बोटं उंच

“जरा सरळ उभ्या राह्यता का?”

हेमलानं वळून पाहिलं. जेवणाची सुट्टी होती, कापसाच्या जिनातले, सरकी काढणारे रेचे थांबले होते. समोर कोटातला एक तरुण, हातात टेप.

“काहून? झंपर शिवता का माह्यं?”

तो लाजला... मग हसलाच. “जमिनीपासून कोपर किती उंच, ते पाह्यचं हाय. सकाळपासून पाहून राह्यलो—”

“मले?”

“कामाले! कापूस टाकताना तुमचा हात खांद्याच्या वर जाते. दुखत असन.”

दुखत होतं. पण आजवर कुणी विचारलं नव्हतं.

१९५६ साल होतं. वाशीमकडच्या मालेगावच्या त्या जिनाच्या शेठनं या तरुणाला, प्रेमसिंगला, महिन्याभरासाठी बोलावलं होतं. कामाची जागा माणसाच्या अंगाला जुळते की नाही, हे पाहायला तो मुंबईत शिकला होता. घर मात्र पोहरादेवीकडचं, हेमलासारखंच तांड्यावरचं.

त्यानं बायांच्या पायांखाली चार बोटं उंच फळ्या घातल्या. आठवड्यात हेमलाचा खांदा हलका झाला. तो रोज विचारी, “आज कसं वाट्टे?”

“तुमी पुसलं का बरं वाट्टे,” ती म्हणे, आणि कापसाकडेच पाहत राही.

पण रुई जास्त निघू लागली, तसा शेठचा हुकूम आला — एका बाईनं दोन रेचे सांभाळायचे. दुसऱ्याच दिवशी हिरीबाईची बोटं पात्यात जाता जाता वाचली.

“तुमच्या फळ्यांनं हे झालं!” हेमला त्याच्यापुढे येऊन म्हणाली.

“मले उंची मोजता येते, हेमला. काम किती द्याचं, ते शेठच्या हाती...”

“बोलता तं येते ना?”

त्यानं टेप गुंडाळून खिशात टाकली. मग बायांना घेऊन शेठपुढे उभा राहिला. “शेठजी, एकीकडं पाह्यलं का दुसरीकडं बोट जाते. फळी कितीबी उंच केली तरी हे टळत नाही.”

बायांनी दिवसभर काम बंद ठेवलं. शेठनं हुकूम मागं घेतला आणि प्रेमसिंगला कामावरून काढलं.

दुसऱ्या दिवशी जिनाला सुट्टी होती. सकाळी मोटारस्टँडवर तो एकटाच ट्रंकेवर बसला होता. हेमला समोर येऊन उभी राहिली.

“माह्यामुळं काम गेलं तुमचं.”

“जाऊ दे. खरं बोललो, बरं वाटलं. अकोल्यात पाहीन काही.” तो अडखळला. “पण तिथं... तुह्याबिगर करमन का मले?”

मोटार आली. कंडक्टरनं हाक मारली. हेमलानं ओढणी सावरली.

“रविवारी तांड्यावर या. बापाले इचारा.”

“अन् तू?”

“चार कोस पायी आली मी,” ती म्हणाली. “आखीन काय सांगू?”