आ-पिनची पाटी

दुपारचे अडीच वाजले होते. ताइनान शहरातल्या सासरच्या जुन्या घरात दोन माणसं भिंतींवर काळ्या चहाचे फवारे मारत होती. भिंती नव्वद वर्षांच्या होत्या; पण यी-हुआनचे थोरले दीर छंग-फू यांना त्या आपल्या सिनेमासाठी पुरेशा जुन्या वाटत नव्हत्या.

यी-हुआनने नाक मुरडलं. चहा शिंपडून जुना काळ आणणारा माणूस! भाऊजींचे तीन सिनेमे आपटले, तेव्हा कुठे त्यांना सहाव्या वर्षी तापाने गेलेली आत्या आठवली. आ-पिन. तिचं काम करायला आयती पुतणी होतीच, यी-हुआनची याओ-याओ. यी-हुआनला नाही म्हणता आलं नव्हतं. दुसऱ्याला हसण्यापुरतं शहाणपण होतं तिच्याकडे, पोरीला घरी ठेवण्यापुरतं नव्हतं.

देव्हाऱ्यात पूर्वजांच्या नावाच्या लाकडी पाट्यांशेजारी एक नवी पाटी मांडली होती. आ-पिनचं खरं नाव, खरी जन्मतिथी.

"छंग-फू, ती काढ," सासूबाई हळूच म्हणाल्या. "लग्नाआधी गेलेल्या मुलीला माहेरच्या देव्हाऱ्यात जागा नसते. तिच्या आईनेसुद्धा ठेवली नव्हती."

"म्हणून तर शेवट रडवणार आहे, आई. लोकांना रडायला आवडतं."

"भाऊजी, नाव तरी खोटं घाला," यी-हुआन म्हणाली.

"तू पोरीची वेणी घाल. सिनेमा मी बघतो."

उदबत्त्या पेटल्या. खऱ्याच. गोडसर, कोंदट धूर तुळयांपर्यंत गेला. प्रसंग साधा होता: मेलेली मुलगी दारातून येते, उंबरठा ओलांडते, टेबलाशी बसून भात खाते. याओ-याओ बाहेर गेली. दार लोटलं गेलं. मग ते उघडलं आणि ती आत आली. सावकाश, प्रत्येक खांबाला हात लावत. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती बसली, जेवायच्या काड्या उचलल्या आणि वाडगा तोंडाशी नेला.

"वा," छंग-फू पुटपुटले. "रक्तातच आहे."

सासूबाईंनी यी-हुआनचं मनगट धरलं. त्यांचा हात गार होता.

"तुझी मुलगी डावखुरी आहे?"

"नाही."

"आ-पिन होती. मला या घरात सून म्हणून आणली तेव्हा मी पाच वर्षांची. आम्ही एका पाटावर जेवायचो. डावा हात वापरला की तिला मारायचे... छंग-फूला मी हे कधी सांगितलं नाही."

चित्रण संपलं. दिवे विझले. एका माणसाने देव्हाऱ्यातल्या पाटीला हात घातला, तशी मुलगी खाता खाता थांबून त्याच्याकडे बघत राहिली. त्याने हात मागे घेतला आणि उगाच पँटला पुसला.

"याओ-याओ, चल. घरी जाऊ," यी-हुआन म्हणाली.

मुलीने मान वर केली नाही.

"याओ-याओ..."

तेव्हा दार वाजलं. खालच्या बाजूला, लहान मुलाचा हात पोचेल तिथे.

"आई," बाहेरून आवाज आला. "माझा बूट निघालाय."

याओ-याओचा एक बूट नेहमीच निघायचा. सकाळपासून यी-हुआनने तो चारदा घातला होता. तिने टेबलाखाली पाहिलं. तिथल्या पायांत दोन्ही बूट होते, घट्ट बांधलेले.

ती दाराकडे धावली. कडी लावलेली नव्हती, तरी दार हलेना. तिने खांदा लावला.

"भाऊजी, या ना इकडे..."

छंग-फू पडद्यावर तोच प्रसंग पुन्हा बघत होते. "एक मिनिट," ते म्हणाले. "काय डोळे आहेत पोरीचे."

टेबलाशी वाडगा खाली ठेवल्याचा आवाज झाला. मुलीने डाव्या हाताने तोंड पुसलं. देव्हाऱ्याकडे एकदा पाहिलं, मग यी-हुआनकडे. जुन्या मालकिणीने नव्या मोलकरणीकडे बघावं तसं.

"तिला सांग," ती म्हणाली, "मुलींना इथे जागा नसते."

दार पुन्हा वाजलं. या वेळी हळू, दमल्यासारखं.