बंद पंख्याचा वारा

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे ज्याच्यासोबत घडलं तो माझा सख्खा धाकटा मामा आहे आणि त्याला थापा मारता येत नाहीत. लहानपणी खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे. मला हे सांगताना ते पांढरेफटक पडले होते.

वार मंगळवार. वेळ दुपारी सव्वातीनची. मामाच्या फ्लॅटमधली मागची खोली, तिसरा मजला.

रात्र नव्हती. बाहेर लख्ख ऊन होतं. खाली कुणीतरी गाडी धूत होतं.

मामा एकटा राहतो. माझ्याहून नऊच वर्षांनी मोठा, त्यामुळे आमचं अरे-तुरे चालतं. एका वेबसाइटसाठी तो ग्राफिक्स कार्डं तपासतो. म्हणजे कॉम्प्युटरवरच्या गेमचं चित्र ज्याच्या जोरावर पळतं, ते कार्ड घ्यावं की न घ्यावं हे लोकांना सांगतो. आजीला हे काम अजून पटलेलं नाही. तिच्या मते मामा दिवसभर खेळतो.

त्याची दुसरी खोड म्हणजे स्वच्छता. हात धुऊन धुऊन बोटांची सालं निघतात. कार्डाला हात लावायच्या आधी हातमोजे, नंतर पुन्हा साबण. माझी आई म्हणते, हा साबणसुद्धा धुऊन घेईल.

आणि अशा माणसाचा जोडीदार कोण, तर गबाळ्या.

साइटवर सगळे त्याला गबाळ्याच म्हणायचे. तो स्वतःही म्हणायचा. दोघांनी काम वाटून घेतलं होतं. गबाळ्या आपल्या खोलीत कार्ड दिवसेंदिवस चालू ठेवायचा, किती तापतं ते बघायचा. मामा ते आकडे घेऊन लेख लिहायचा. आकडे पाठवायला गबाळ्याला बोटही हलवावं लागत नसे. दर तासाला त्याच्या मशीनमधून एका ऑनलाइन शीटमध्ये आपोआप ओळ पडायची. कार्डाचं तापमान, पंख्याचा वेग, खोलीचं तापमान.

बोलणं जवळजवळ नव्हतंच. आकडे येताहेत म्हणजे माणूस ठीक आहे, अशी दोघांची समजूत.

मामा त्याच्या खोलीवर एकदाच गेला होता. ताटांवर हिरवी बुरशी. उशीवर डोक्याच्या तेलाचा काळा गोल. चहाच्या कपात साय वाळून चिकटलेली. मामा दोन मिनिटांत उठला. गबाळ्या त्यानंतरही अधूनमधून लिहायचा, "ये की रे एकदा. चहा पाजतो." मामा काहीतरी कारण काढायचा. त्या कपाला ओठ लावायची त्याची तयारी नव्हती.

गेल्या वर्षी गबाळ्या बसल्या खुर्चीत गेला. हृदयाचा झटका.

दार उघडलं ते अकराव्या दिवशी.

आणि ते अकरा दिवस शीटमध्ये आकडे येतच होते…

सहाव्या दिवशी कार्डाचं तापमान चढायला लागलं होतं. मामाने ते पाहिलं आणि मेसेज टाकला, "पंख्यात धूळ अडकलीय. किती घाण राहशील? साफ कर." उत्तर आलं नाही. मामाला वाटलं, रुसला असेल.

एवढं लक्षात ठेवा. आता त्या मंगळवाराकडे येते.

साइटला तपासायला कार्डं पुरवणाऱ्या गोदामातून सकाळी एक खोकं आलं होतं. मधल्या दर्जाचं कार्ड. चिप नेहमीचीच, पण कंपनीने तिच्यावर स्वतःची थंड ठेवायची व्यवस्था बसवलेली. तीन मोठे पंखे, खाली पातळ पत्र्यांची जाडजूड चवड. शिवाय कारखान्यातूनच तिचा वेग थोडा वाढवून दिलेला. साध्या कार्डाऐवजी हे घ्यावं का, एवढंच मामाला सांगायचं होतं.

सील कोरं होतं. खोकं उघडल्यावर नव्या प्लास्टिकचा वास आला.

आणि त्याच्या खाली… काहीतरी गोडसर.

मामाने खिडकी उघडली आणि कामाला लागला.

दुपारपर्यंत कार्डाने त्याला खूश केलं. वेग साध्या कार्डापेक्षा जेमतेम चार टक्के जास्त. तो काही डोळ्यांना कळत नाही. पण थंडपणा मात्र वाखाणण्यासारखा. तासभर जड गेम चालवला तरी चौसष्ट अंश, आणि पंख्यांची नुसती कुजबुज. मामाने लेखाचं पहिलं वाक्य लिहूनही टाकलं. वेगासाठी घेऊ नका, शांततेसाठी घ्या.

राहिली होती आवाजाची चाचणी.

हे कार्ड पन्नास अंशांच्या खाली आलं की पंखे पूर्ण थांबवतं. ते खरंच थांबतात का, हे मामा नेहमी मोजून बघतो. खिडकी बंद. फ्रिज बंद. फोन बंद. भिंतीवरच्या घड्याळाचा सेलसुद्धा काढून ठेवायचा. मशीनमध्ये दुसरा एकही पंखा ठेवायचा नाही. मग आवाज मोजायचं मीटर कार्डासमोर धरायचं.

तिन्ही पंखे थांबले. पाती स्पष्ट दिसत होती.

मीटरवर अठ्ठावीस डेसिबल. रिकाम्या खोलीचा आकडा.

मग एकतीस…

मग अठ्ठावीस.

मग पुन्हा एकतीस…

मामाने मोजलं. मिनिटाला चौदा वेळा.

त्याला वाटलं, आपलाच श्वास असेल. त्याने श्वास रोखला.

अठ्ठावीस. एकतीस. अठ्ठावीस…

त्याने वायर उपटली. मशीन मेलं. पडदा काळा झाला. आता त्या खोलीत वीज असलेली एकच वस्तू होती, ती म्हणजे त्याच्या हातातलं मीटर.

एकतीस.

मामा वाकला. काय होतंय ते बघायला त्याने गाल पंख्याजवळ नेला. पाती जागच्या जागी. त्यातल्या एकावर कंपनीचं चिन्ह होतं, तेही सरळ उभं.

आणि गालावर वारा आला…

कोमट. ओलसर.

त्याला वास होता. कित्येक दिवस न घासलेल्या तोंडाचा, आंबलेल्या दुधाचा, डोक्याच्या तेलाचा. मामाला तो वास आधी कुठेतरी आलेला होता, पण कुठे ते आठवेना. गालावर दव साचल्यासारखं झालं. त्याने तोंड धुतलं, मग पुन्हा धुतलं, आणि हातमोजे चढवून कार्ड खोलायला बसला. भीती वाटली की मामा स्क्रूड्रायव्हर उचलतो.

चार स्क्रू निघाले. पंख्यांचं आवरण बाजूला झालं.

बाहेरून आरशासारखं लखलखणारं ते कार्ड आतून भरलेलं होतं.

पत्र्यांच्या फटीफटींत राखाडी नमदा, दाबलेल्या लोकरीसारखा थर, बसला होता. मामाने आजवर शेकडो पंखे साफ केलेत. धूळ कोरडी असते, फुंकरीने उडते. हे उडत नव्हतं. चिमट्याने ओढलं तर एकसंध निघत होतं. तेलकट. चिकट. त्यात आखूड काळे केस होते. आणि केसांत कोंड्यासारखे पांढरट पापुद्रे…

ओढता ओढता वीतभर निघालं, तरी संपेना.

मामाने हुंदका दिल्यासारखा आवाज काढला आणि चिमटा टाकला. तेव्हा त्याची नजर कार्डाच्या पाठीवरच्या नंबरावर गेली. प्रत्येक कार्डाला वेगळा नंबर असतो. त्याने लॅपटॉप उघडला, जुनी शीट काढली, गबाळ्याची शेवटची चाचणी शोधली.

नंबर तोच होता.

त्याने गोदामवाल्याला फोन लावला. तो मुळीच ओशाळला नाही. हो, तेच कार्ड, पोलिसांनी परत दिलं, एवढी चांगली वस्तू वाया कशी घालवायची, म्हणून पुसून नवं सील लावलं, असं त्याने सांगितलं.

"बाहेरून काही दिसतंय का?" त्याने विचारलं.

"बाहेरून नाही," मामा म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्याला सगळं कळलं. बंद खोली. खुर्चीत गबाळ्या. आणि त्याच्या पायापाशी तीन पंखे, अकरा दिवस त्या खोलीतली हवा आत ओढत, अडवून ठेवत.

धूळ नव्हतीच ती.

मामा मोरीपर्यंत पोचला नाही. दारातच ओकला. मग अर्धा तास हात धूत बसला, बोटांतून रक्त येईपर्यंत. मला म्हणाला, त्या नमद्याची किळस पाच मिनिटांत गेली. दुसरी गेली नाही. "तो मरून पडला होता गं. आणि मी त्याला लिहिलं, किती घाण राहशील."

मामा गबाळ्याच्या घरी गेला नाही, कारण कप घाण होता. एवढ्यावरून.

तो हात पुसत असताना लॅपटॉप वाजला.

शीटमध्ये नवी ओळ पडली होती…

कार्डाचं तापमान सदतीस. पंखा शून्य. खोली सव्वीस.

कार्ड टेबलावर तुकड्यांत पडलं होतं. मामाने भिंतीवरचा तापमापक पाहिला. सव्वीस.

सदतीस म्हणजे जिवंत माणसाचं अंग.

त्याने तो नमदा चिमट्याने, एक तंतू न सोडता, एका स्वच्छ डबीत भरला. हातमोजे घातले नाहीत. आणि तसाच गबाळ्याच्या पत्त्यावर गेला. वर्षभर उशिरा.

खोलीला नवा रंग दिला होता. घरमालक भला म्हातारा होता. त्याने आपण होऊन सांगितलं, "दारातून पंख्याचा आवाज येत होता हो रोज. म्हटलं आहे आत, काम करतोय. उगाच कशाला त्रास द्या." मग त्याने मामाला चहा विचारला. कप आला तो कडेला डाग पडलेला, कान तुटलेला. मामाने तो पुसला नाही. शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

अंगणात झाडाच्या बुंध्याशी त्याने हाताने माती उकरली आणि डबी पुरली. "आलो बघ," एवढंच म्हणाला.

घरी परतेपर्यंत शीटमध्ये आणखी ओळी पडल्या होत्या. छत्तीस. चौतीस. एकतीस. शेवटची ओळ सव्वीसची, खोलीएवढीच. मग ओळी थांबल्या.

इथे संपलं असतं तर मी तुम्हाला सांगायलाही बसले नसते.

मामाने लेख लिहिला नाही. कार्ड धुऊन, पुन्हा जोडून गोदामात परत पाठवलं आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, कुणाला देऊ नका, मोडून टाका. गोदामवाल्याने काय केलं असेल? पुसलं. सील लावलं. विकलं. कुणाला ते त्यानं लिहूनही ठेवलेलं नाही. मामाने विचारलं तर म्हणाला, घेणारा एकटाच आला होता, दोघांत-चौघांत मिसळणारा वाटत नव्हता.

मामा आता रोज दुपारी मला फोन करतो. काम काही नसतं. मी "हं" म्हटलं की ठेवतो. मेसेज चालत नाही, आवाज लागतो.

दोन आठवड्यांपूर्वी शीट पुन्हा सुरू झाली…

कार्ड चौसष्ट. पंखा चालू. खोली एकोणीस. मामाची खोली एकोणीस अंशांची नसते, माझीही नसते. सुरुवातीला मधेमधे खंड पडायचा. दुपारी बंद, संध्याकाळी चालू. कुणीतरी खेळत होतं, उठत होतं, झोपत होतं.

गेल्या शुक्रवारपासून खंड नाही. दर तासाला एक ओळ, दिवसरात्र.

आम्ही गोदामात दोनदा जाऊन आलो. पोलिसांकडेही गेलो. कुणाच्या घरी जाऊन बघायचं, असं त्यांनी विचारलं.

काल सहावा दिवस होता.

कार्डाचं तापमान चढायला लागलंय.